‘मुन्ना हेलिकॉप्टर’ आणि शिकाऊ उमेदवारी: आठवी शिकलेल्या कारागिरासाठी मोठ्या कंपनीचं दार कितपत उघडं आहे?

ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर आला होता. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव तेव्हा अचानक देशभराच्या बातम्यांत आलं. गावातल्या २४ वर्षांच्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने एका आसनाचं हेलिकॉप्टर तयार केलं होतं. त्याच हेलिकॉप्टरच्या चाचणीत त्याचा जीव गेला.

या तरुणाची शाळा आठवीनंतर सुटली होती. घरच्या वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याची कपाटं, कूलर बनवता बनवता तो काम शिकला. हेलिकॉप्टर कसं उडतं हे त्याने यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून समजून घेतलं, मारुती ८०० गाडीचं इंजिन मिळवलं आणि जवळपास दोन वर्षं खपून यंत्र उभं केलं. आपल्या टोपणनावावरून त्याने त्याला नाव दिलं ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. १५ ऑगस्टला ते सगळ्यांना दाखवायचं, असा त्याचा बेत होता.

त्याआधीच्या चाचणीत इंजिन सुरू असताना शेपटाकडच्या छोट्या पंख्याचं पातं तुटलं. ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मोठ्या पंख्याचं पातं मुन्नाच्या डोक्याला लागलं. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं.

त्या वेळी व्हिडिओ व्हायरल झाला. अनेकांनी त्याला ‘थ्री इडियट्स’मधल्या रँचोची उपमा दिली, अनेकांनी हळहळ व्यक्त केली. काही दिवसांनी विषय मागे पडला. पण एक प्रश्न तसाच राहिला. असा हात ज्याच्याकडे आहे, पण कागद नाही, त्याला मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत पैसे मिळवत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम शिकण्याची सोय आपल्याकडे आहे का?

कायद्यात तशी सोय आहे. तिचं नाव शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. पण प्रत्यक्षात ती कुणासाठी किती उघडी आहे, हे समजून घ्यावं लागतं.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे नेमकं काय?

भारतात यासाठी ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ हा कायदा आहे. कंपनीने उमेदवाराशी लेखी करार करायचा, त्याला प्रत्यक्ष कामावर शिकवायचं, दर महिन्याला विद्यावेतन द्यायचं आणि शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळवून द्यायचं, अशी त्याची मूळ रचना आहे.

२०१९ मध्ये या कायद्याखालचे नियम बदलले. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. किती घ्यायचे? एकूण मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के आणि जास्तीत जास्त १५ टक्के. हे मोजताना कंत्राटी कामगारही धरले जातात.

विद्यावेतनाची किमान रक्कमही त्याच नियमांत ठरली. पाचवी ते नववी शिकलेल्यांना महिन्याला ५,००० रुपये, दहावी पास असल्यास ६,०००, बारावी किंवा आयटीआय असल्यास ७,०००, डिप्लोमा असल्यास ८,००० आणि पदवी असल्यास ९,००० रुपये. कंपनी याहून जास्त देऊ शकते, कमी नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा केंद्र सरकार उचलतं.

यातली पहिली पायरी महत्त्वाची आहे. पाचवी ते नववी. म्हणजे आठवीनंतर शाळा सोडलेल्या तरुणाला कायदा बाहेर ठेवत नाही. त्याच्यासाठी यादीत स्वतंत्र ओळ आहे. मग अडतं कुठे?

मोठ्या कंपन्या कुणाला घेतात?

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडे वळलं की चित्र बदलतं.

फुलसावंगीहून नागपूरचं मिहान दोनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. तिथे एचसीएल कंपनीचं मोठं केंद्र आहे. ‘टेक बी’ हा या कंपनीचा बारावी झालेल्या मुलांसाठीचा कार्यक्रम. मुलं एक वर्ष शिकतात, त्यातला काही काळ प्रत्यक्ष कामावर विद्यावेतन मिळतं, मग कंपनीत नोकरी लागते आणि नोकरी सांभाळून पदवीही घेता येते. २०२२ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही या कार्यक्रमासाठी कंपनीशी हातमिळवणी केली. मात्र तांत्रिक कामासाठी बारावीला गणित लागतं, ठरावीक टक्के लागतात आणि प्रवेश चाचणी द्यावी लागते. प्रशिक्षणाचं शुल्क एक लाख रुपयांच्या आसपास आणि वर कर, असं राहिलं आहे. प्रशिक्षणात चांगले गुण मिळवणाऱ्यांना त्यात सवलत मिळते आणि कर्जाची सोयही असते. या अटी दर वर्षी बदलू शकतात.

तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने वेगळी वाट निवडली. या कंपनीच्या शाळेत बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं घेतली जातात. शुल्क नाही, उलट दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. जवळपास दोन दशकं हे सुरू आहे आणि तिथून शिकलेले अनेक जण कंपनीत इंजिनिअर म्हणून काम करतात. विप्रोचा कार्यक्रम बीसीए, बीएस्सी झालेल्यांसाठी आहे. काम करता करता एम.टेक. करता येतं, पण त्यासाठी काही वर्षं कंपनीत राहण्याचा करार असतो.

सॉफ्टवेअर सोडून विमानाकडे वळलं, तर गोष्ट मुन्नाच्या आणखी जवळ येते. राफेल विमान बनवणाऱ्या फ्रान्सच्या दसॉ कंपनीचा भागीदारीतला कारखाना मिहानमध्ये आहे. फाल्कन २००० हे बिझनेस जेट नागपुरात बनवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झाली. दसॉच्या मदतीने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ नावाचा ट्रेड सुरू झाला. विमानाचा सांगाडा जोडणं, रिव्हेट मारणं, भाग बसवणं हे त्यात शिकवतात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई विमानं तयार झाली. तिथेही आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं जातं.

म्हणजे पत्रा कापून, वेल्डिंग करून हेलिकॉप्टर उभं करणाऱ्या मुलाला जे शिकायला हवं होतं, ते विदर्भातच शिकवलं जात होतं. पण त्या ट्रेडसाठी किमान दहावी पास असावं लागतं.

कागदाची पायरी दर ठिकाणी उंच होते

आता सगळ्या योजना शेजारी शेजारी ठेवून पाहा. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात विद्यावेतनाची यादी पाचवीपासून सुरू होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांत अनुभव घेता येतो, पण त्यासाठी किमान दहावी पास हवं आणि सुरुवातीला वयाची अट २१ ते २४ होती. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, जिला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात, किमान बारावी लागते. टेक कंपन्यांच्या कार्यक्रमात बारावी तर हवीच, अनेकदा गणितही हवं.

कंपन्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. सॉफ्टवेअरमध्ये गणित आणि इंग्रजीचा पाया नसेल तर वर्षभरात मुलगा तयार होत नाही. विमानाच्या कामात ड्रॉइंग वाचता येणं, मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. हजारो अर्जांतून निवड करायची तर गुणपत्रिका हा सोपा उपाय ठरतो.

पण गुणपत्रिकेत हात दिसत नाही. ज्याने दोन वर्षं खपून इंजिनपासून पंख्यापर्यंत सगळं जोडलं, त्याची नोंद कुठल्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही. अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे, तिला ‘पूर्व शिक्षणाची मान्यता’ म्हणतात. मात्र त्या प्रमाणपत्राने मोठ्या कंपनीची दहावी किंवा बारावीची अट आपोआप सुटत नाही.

पाच हजारांत शहरात राहायचं कसं?

समजा, कागद जमला. पुढचा प्रश्न पैशाचा.

महिन्याला ५,००० रुपये म्हणजे कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे १९२ रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. रोजगार हमीचं काम महिनाभर मिळत नाही हे खरं, पण गावातल्या बापाच्या डोळ्यांसमोर हीच तुलना असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. ५,००० ते ९,००० ही चौकट ६,८०० ते १२,३०० करावी, असं त्यात म्हटलं होतं. ६,८०० रुपये धरले तरी दिवसाचा हिशेब सुमारे २६२ रुपयांवर येतो.

गावातच राहून शिकायचं असेल तर ही रक्कम हातभार ठरते. पण महागाव तालुक्यातून नागपूर, पुणे किंवा नाशिकला जायचं तर खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च यातच भागवावा लागतो. म्हणजे घरून पैसे मागवावे लागतात. ज्या घरात पोराच्या कमाईवर चूल अवलंबून आहे, तिथे हे जमत नाही.

अंतराची ही अडचण आकड्यांतही दिसते. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले. त्यातले सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. जागा होत्या, तरी मुलं पोहोचली नाहीत. कामाचं ठिकाण दूर असणं हे त्यामागचं एक ठळक कारण होतं.

व्हिडिओ उस्तादाची जागा घेऊ शकतो का?

शिकाऊ उमेदवारीकडे बहुतेक जण नोकरीची पहिली पायरी म्हणून पाहतात. फुलसावंगीची घटना तिची दुसरी बाजू दाखवते.

हेलिकॉप्टरचा वरचा पंखा फिरला की यंत्राचं धड उलट दिशेने फिरू पाहतं. ते रोखण्यासाठी शेपटाकडे छोटा पंखा असतो. हा भाग व्हिडिओत समजतो. पण पातं फिरताना त्यावर किती ताण येतो, वजनात थोडा फरक असला तर थरथर किती वाढते, वेल्डिंगच्या जोडाशेजारी बारीक तडा कसा जातो, हे पाहायला मोजमापाची साधनं लागतात आणि ती वाचणारा माणूस लागतो.

विमान कारखान्यात नवी पाती आधी वेगळ्या चाचणी मनोऱ्यावर फिरवून पाहतात. त्या वेळी जवळ कुणी नसतं. जोडांची तपासणी क्ष-किरण किंवा अल्ट्रासाऊंडने होते. पहिल्यांदा इंजिन चालवताना यंत्र जमिनीला बांधलेलं असतं. माणूस आत बसतो तो या सगळ्यानंतर. आणि कुठल्याही टप्प्यावर ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार असलेला तपासनीस तिथे असतो.

गावातल्या गॅरेजमध्येही उस्ताद हेच काम करतो. ‘अजून हात लावू नको’ हे तोच सांगतो. मुन्नाने जे यंत्र बनवायला घेतलं, त्यातला उस्ताद त्याच्या आसपास नव्हता.

कायद्यानेही ही जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. कारखान्यातल्या सुरक्षेचे नियम शिकाऊ उमेदवारालाही लागू होतात. धोकादायक उद्योगात १८ वर्षांखालील मुलाला शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाई द्यावी लागते.

स्वतः विमान बनवून ते रीतसर उडवणारं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्यात त्याचं चाचणी उड्डाण झालं. त्यांच्याकडे वैमानिकाचं प्रशिक्षण होतं, तरीही मंजुरीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. आठवी शिकलेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही दूर असलेल्या तरुणाला ही वाट किती लांब वाटली असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दहावी झाली नसेल तर पुढे काय करता येतं?

शाळा सुटलेल्या पण हाताने काम येणाऱ्या मुलांसाठी काही मार्ग खरोखर उघडे आहेत.

पहिला, आयटीआय. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. वेल्डर, शीट मेटल वर्कर यांसारख्या काही ट्रेडला दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. त्या त्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेत ट्रेडनुसार पात्रता दिलेली असते.

दुसरा, १७ नंबरचा फॉर्म. शाळा सोडलेल्या मुलाला हा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीची परीक्षा देता येते. दुकानातलं काम सांभाळून हे करता येतं. दहावी झाली की विमानाच्या फिटरसह बहुतेक ट्रेड खुले होतात.

तिसरा, आयटीआयनंतरची शिडी. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून डिप्लोमा आणि पुढे पदवीही होते. आयटीआय करून मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, मग डिप्लोमा, या वाटेने गेलेले अनेक सुपरवायझर राज्याच्या कारखान्यांत भेटतात.

चौथा, जवळची छोटी आस्थापना. ४ ते २९ माणसं असलेल्या ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक आहे. तालुक्यातलं मोठं गॅरेज, जिनिंग किंवा शेती अवजारांचा कारखाना केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदला, तर तिथेही रीतसर करार होऊ शकतो. घरी राहून शिकता आलं तर ५,००० रुपयांचं गणितही बदलतं.

सही करण्याआधी काय तपासायचं?

‘नामांकित कंपनीत अप्रेंटिस भरती’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर रोज फिरतात. त्यावर विश्वास ठेवण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

• करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का? नोंद नसेल तर ती कायद्याने शिकाऊ उमेदवारी ठरत नाही, मग नाव काहीही असो.
• पैसे कोण कुणाला देणार आहे? कायद्यातल्या शिकाऊ उमेदवारीत कंपनी विद्यावेतन देते. शुल्क मागितलं जात असेल तर तो कंपनीचा स्वतंत्र प्रशिक्षण कार्यक्रम असू शकतो. मग एकूण शुल्क, कर, कर्जाचे हप्ते आणि मध्येच सोडल्यास काय, हे लेखी घ्यावं.
• रक्कम बँक खात्यात येणार की रोख? खात्यात आली तर पुरावा राहतो.
• शिकवणार कोण आणि काय? ट्रेडचं नाव, कालावधी आणि शेवटची परीक्षा करारात असायला हवी. वर्षभर फक्त माल उचलायला लावला, तर परीक्षेत अडचण येते.
• प्रमाणपत्र कुणाचं? राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र देशभर चालतं, कंपनीच्या साध्या पत्राला तेवढं वजन नसतं.
• नोकरीची हमी आहे का? कायद्याने कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन नाही. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी मानला जातो. ‘पर्मनंट करू’ हे तोंडी आश्वासन धरून चालू नये.
• नोकरी सोडण्यावर बंधन आहे का? किती वर्षांचा करार आणि मोडल्यास किती रक्कम, हे घरच्यांनीही वाचावं.

कामगार संघटनांची जुनी तक्रार इथे लक्षात ठेवायला हवी. कायम कामगारांऐवजी दर वर्षी नवे शिकाऊ उमेदवार घेऊन स्वस्तात उत्पादन काढलं जातं, असं त्या म्हणतात. कंपन्यांचं म्हणणं असं की शिकवायलाही खर्च येतो आणि शिकलेला मुलगा लगेच दुसरीकडे जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून करारातला मजकूर महत्त्वाचा ठरतो.

मग काय बदलायला हवं?

गावातल्या कुणी जुगाड करून काही बनवलं की व्हिडिओ फिरतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथल्या कारागिराने भंगारातून जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी त्याला बोलेरो दिली. असं कौतुक चांगलंच आहे, पण ते एका माणसापुरतं थांबतं. पुढच्या मुलाला त्यातून शिकायची जागा मिळत नाही.

त्यासाठी बदल फार मोठे नाहीत. मोठ्या कंपन्यांनी काही जागा गुणपत्रिकेऐवजी प्रात्यक्षिक परीक्षेवर भरल्या, तर हात दिसेल. निवडलेल्या मुलाला शिकाऊ उमेदवारी चालू असतानाच दहावी पूर्ण करायला लावता येईल. विद्यावेतनाशिवाय वसतिगृह किंवा राहण्याचा भत्ता मिळाला, तर दूरच्या तालुक्यातली मुलं रुजू होतील. आणि तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा संध्याकाळी दोन तास बाहेरच्या कारागिरांसाठी उघडली, तर घरी काही बनवणाऱ्याला निदान विचारायला एक निदेशक मिळेल.

फुलसावंगीत २०२१ मध्ये इंजिन होतं, जिद्द होती आणि दोन वर्षांची मेहनत होती. चाचणीच्या वेळी शेजारी उभं राहून ‘आधी पातं तपासू, मग तू आत बस’ असं सांगणारा जाणता माणूस तेवढा नव्हता. मिहानमध्ये आज विमानाचे भाग बनतात आणि पुढे पूर्ण विमान बनायचं आहे. तिथल्या शिकाऊ उमेदवारांच्या यादीत महागाव, उमरखेड, पुसद तालुक्यांतल्या वेल्डिंगच्या दुकानांतली किती मुलं असतील, यावर ही व्यवस्था नेमकी कुणासाठी चालते ते कळेल.